अँटीव्हायरस रिन्यू करायचा का?

नवा लॅपटॉप घेतला की बिलात तीन गोष्टी बहुधा न विचारताच येतात : बॅग, माउस आणि अँटीव्हायरस. बॅगेचा उपयोग कळतो, माउसचाही. तिसरी वस्तू म्हणजे एका पातळ खोक्यातलं कार्ड. त्यावरची चंदेरी पट्टी खरवडली की आकडे दिसतात, दुकानातला मुलगा ते भराभर टाइप करतो आणि म्हणतो, ‘‘आता वर्षभर टेन्शन नाही.’’ वर्ष सरत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल चौकट उगवू लागते : तुमचं संरक्षण अमुक दिवसांत संपत आहे. बंद केली तरी दुसऱ्या दिवशी ती हजर. शेवटी बाहेरगावी नोकरी करणाऱ्या मुलाला फोन जातो, ‘‘अरे, ते अँटीव्हायरसचं रिन्यू करायचं का?’’

मुलगा म्हणतो, काही गरज नाही. दुकानदार म्हणतो, घ्याच. दोघंही खरं बोलत असू शकतात, कारण दोघांच्या डोळ्यांसमोरचे कॉम्प्युटर वेगळ्या काळातले आहेत.

दुकानदाराला आठवतो तो साधारण २००८ चा. घरात विंडोज एक्स्पी, कॉपी करून टाकलेली. इंटरनेट असलं तर असलं. प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह घेऊन सायबर कॅफेत जायचं आणि परत येताना प्रिंटबरोबर आणखी काहीतरी घेऊन यायचं. ‘न्यू फोल्डर डॉट ईएक्सई’ हे नाव त्या काळात कॉम्प्युटर वापरलेल्या कुणाला सांगावं लागत नाही. त्याची युक्ती फार साधी होती. फाइल प्रोग्रॅमची, पण तिला चित्र दिलेलं पिवळ्या फोल्डरचं. नावापुढचं ‘ईएक्सई’ हे शेपूट विंडोज स्वतःच लपवत असे. त्यामुळे माणसाला दिसायचा तो एक रिकामा फोल्डर. काय आहे म्हणून डबल क्लिक केलं की काम झालं. मग टास्क मॅनेजर उघडेनासा व्हायचा, फोल्डर ऑप्शन्स मेनूतून गायब व्हायचं आणि पुढचा जो पेन ड्राइव्ह लागेल त्यात ही फाइल जाऊन बसायची.

त्याच्या मागून शॉर्टकट व्हायरस आला. तो जास्त हुशार. पेन ड्राइव्हमधले खरे फोल्डर तो लपवायचा आणि त्याच नावांचे शॉर्टकट समोर मांडायचा. शॉर्टकटवर क्लिक केलं की व्हायरसही चालायचा आणि फोल्डरही उघडायचा, म्हणून शंका यायची नाही. पुढे कुठेतरी अँटीव्हायरसने शॉर्टकट उडवले की पेन ड्राइव्ह रिकामा दिसायचा. लोक घाबरून फॉरमॅट मारायचे आणि त्यात असलेला प्रबंध, लग्नाचे फोटो, सोसायटीचा हिशोब खरोखरच जायचा. वास्तविक सगळं जागेवरच असायचं. काळ्या खिडकीत ‘अ‍ॅट्रिब’ ही आज्ञा दिली की लपलेले फोल्डर परत दिसत. गावोगावच्या डीटीपी ऑपरेटरांना ही ओळ तोंडपाठ होती आणि तेवढ्यावर ते गिऱ्हाइकांचे देव झाले होते.

त्या काळात अँटीव्हायरस न टाकणं हा शुद्ध आगाऊपणा होता. नोव्हेंबर २००८ मध्ये कॉन्फिकर आला. तो नेटवर्कवरून पसरत होता, आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या पेन ड्राइव्ह लावल्याबरोबर प्रोग्रॅम आपोआप सुरू करण्याच्या विंडोजच्या सोयीवरही स्वार झाल्या. मायक्रोसॉफ्टने ती सोय एक्स्पी आणि व्हिस्टामध्ये अपडेट पाठवून आवळली, पण त्याला फेब्रुवारी २०११ उजाडावा लागला.

महाराष्ट्रासाठी हा प्रश्न थोडा घरचाही आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुटुंबातले कैलाश काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले, मग स्वतःचं दुकान टाकलं आणि तिथून कॉम्प्युटर दुरुस्तीत शिरले. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी मशिन्सचं दुखणं एकच निघायचं : व्हायरस. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते. ते या दुखण्यांवर छोटे छोटे प्रोग्रॅम लिहू लागले. त्यातून १९९० च्या दशकाच्या मध्याला ‘क्विक हील’ उभा राहिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही पुण्याची कंपनी शेअर बाजारात आली. तिचा मोठा आधार होता गावोगावचा विक्रेता, म्हणजे तोच कॉम्प्युटरवाला. मशिन तोच जोडून देणार, तोच दुरुस्त करणार आणि अँटीव्हायरस तोच विकणार. त्याचं त्यात कमिशन आहे हे खरं, पण तेवढ्यावरून त्याला लबाड ठरवणं बरोबर नाही. व्हायरसने मेलेली मशिन्स त्याने स्वतःच्या हातांनी उघडली आहेत.

मुलाच्या डोळ्यांसमोरचा कॉम्प्युटर मात्र निराळा आहे.

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २००९ मध्ये ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ नावाचा अँटीव्हायरस फुकट द्यायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आली तेव्हा ‘डिफेंडर’ या नावाने पूर्ण अँटीव्हायरस विंडोजच्या पोटातच बसवला गेला. सुरुवातीला त्याची थट्टाच झाली आणि ती रास्त होती. जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट ही संस्था अँटीव्हायरसची परीक्षा घेते. २०१२ च्या अखेरच्या परीक्षेत मायक्रोसॉफ्टचा हा फुकटचा अँटीव्हायरस प्रमाणपत्र मिळण्याइतकाही ठरला नाही. २०१८ मध्ये त्याच संस्थेच्या परीक्षेत डिफेंडरला संरक्षणासाठी सहापैकी सहा गुण मिळाले आणि त्यानंतर तो सातत्याने वरच्या रांगेत दिसतो. मधल्या सहा वर्षांत घडलं ते इतकंच की जगभरच्या कोट्यवधी विंडोज मशिन्सवरून येणारी माहिती मायक्रोसॉफ्टने या कामाला लावली. एव्ही-टेस्टच्याच मोजणीप्रमाणे दररोज साडेचार लाखांहून जास्त नवे घातक किंवा नको ते प्रोग्रॅम सापडतात. ओळखीच्या चोरांची यादी घेऊन बसण्याच्या जुन्या पद्धतीला एवढी आवक झेपणारी नव्हती. आता संशयास्पद फाइल दिसली की तिची चौकशी काही क्षणांत दूरच्या सर्व्हरवर होते.

म्हणजे ज्या घरात विंडोज अस्सल आहे, अपडेट वेळच्या वेळी येतात आणि डिफेंडर चालू आहे, तिथे वेगळा अँटीव्हायरस विकत घेण्याची गरज उरलेली नाही. मुलाचं म्हणणं बरोबर आहे. डिफेंडर खरंच जागा आहे का, हे पाहण्याची एक निरुपद्रवी युक्तीही आहे. ‘ऐकार’ नावाची ६८ अक्षरांची एक ओळ अँटीव्हायरसवाल्यांनी सर्वानुमते चाचणीसाठी ठरवून ठेवली आहे. ती नोटपॅडमध्ये चिकटवून फाइल सेव्ह करायची. त्या ओळीत इजा करण्यासारखं काहीही नाही, तरी अँटीव्हायरस जागा असेल तर फाइल तिथल्या तिथे उचलून नेतो आणि वर सूचना झळकवतो. लाल-हिरव्या खुणांपेक्षा ही परीक्षा बरी.

गरज नाही इथवर ठीक. पण जास्तीचा एक असला तर बिघडलं काय, असं वाटणं साहजिक आहे. इथे गोष्ट जरा वाकडी होते. दुसरा अँटीव्हायरस आला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, म्हणजे एकावर एक असं दुहेरी कवच मिळतच नाही. आणि अँटीव्हायरसला त्याचं काम करायचं तर कॉम्प्युटरवरचे सर्वोच्च अधिकार लागतात, शिवाय येणारी प्रत्येक घाणेरडी फाइल उघडून आत पाहावं लागतं. सोसायटीच्या वॉचमनकडे सगळ्या फ्लॅटच्या किल्ल्या द्याव्यात तसा हा प्रकार. वॉचमनच फुटला तर कुलपं कितीही असोत.

तो फुटतो याचे दाखले आहेत. गूगलचे सुरक्षा संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांना २०१६ मध्ये सिमँटेक-नॉर्टनच्या उत्पादनांत अशी भोकं सापडली की नुसती ईमेलमधून फाइल आली तरी पुरे, वापरणाऱ्याने ती उघडण्याचीही गरज नव्हती. अँटीव्हायरस तपासायला म्हणून ती उघडायचा आणि स्वतःच बळी पडायचा. जानेवारी २०१७ मध्ये रॉबर्ट ओ’कॅलाहन या फायरफॉक्सच्या माजी प्रोग्रॅमरने तर जाहीरपणे लिहिलं की मायक्रोसॉफ्टचा सोडून बाकी अँटीव्हायरस काढून टाका. ते ब्राउझरच्या कामात लुडबुड करतात आणि त्यातून सुरक्षा वाढण्याऐवजी घटते. मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड कंपनीच्या ‘ईस्कॅन’चं उदाहरण आणखी बोलकं. त्याची अपडेट साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपी मार्गाने येत होती. वाटेत बसलेल्या हल्लेखोरांनी खरं अपडेट बदलून आपलं पुडकं घातलं, त्यात चोरदरवाजेही होते आणि दुसऱ्याच्या विजेवर आभासी चलन खणणारा प्रोग्रॅमही. ही गोष्ट एप्रिल २०२४ मध्ये जगापुढे आली. कंपनीने दोष २०२३ च्या जुलैअखेर दुरुस्त केला होता.

ती उघडकीला आणली अव्हास्ट या चेक कंपनीच्या संशोधकांनी. आणि अव्हास्टचं स्वतःचं? तिचा फुकट अँटीव्हायरस जगभर लोकप्रिय होता, भारतात तर होताच. लोक कोणकोणत्या वेबसाइट पाहतात ती माहिती गोळा करून ‘जम्पशॉट’ या उपकंपनीमार्फत अव्हास्ट ती विकत होती. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी हे चव्हाट्यावर आणल्यावर जम्पशॉट बंद झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. पाळत ठेवणाऱ्यांपासून वाचवतो असं सांगणाऱ्यानेच पाळत विकावी, याला मराठीत कुंपणाने शेत खाणं म्हणतात.

भीती विकण्याचा धंदा यापेक्षाही नागडा असू शकतो. अमेरिकेत ऑफिस डेपो या मोठ्या दुकानसाखळीत ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची मोफत तपासणी होत असे. दुकानातला माणूस आधी गिऱ्हाइकाला विचारायचा : मशिन हळू चालतं का, पॉप-अप येतात का, व्हायरसची सूचना आली होती का, अचानक बंद पडतं का? उत्तराप्रमाणे चार चौकोनांत खुणा करायचा. मग यंत्रावर तपासणीचा देखावा चालायचा. प्रत्यक्षात चारांपैकी एका चौकोनात जरी खूण झाली असली तरी निकाल ठरलेला : संसर्गाची लक्षणं आहेत. मग दुरुस्तीची सेवा, शेकडो डॉलरपर्यंतची. तपासणी म्हणजे गिऱ्हाइकाचंच उत्तर त्यालाच परत वाचून दाखवणं. २०१९ मध्ये ऑफिस डेपोने अडीच कोटी डॉलर आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने एक कोटी डॉलर भरून हे प्रकरण मिटवलं.

या धंद्याची भारतीय शाखा अधिक कुप्रसिद्ध आहे. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर मायक्रोसॉफ्टला फोन करा’ अशी किंचाळणारी खिडकी परदेशातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पडद्यावर येते आणि फोन उचलला जातो भारतात. जुलै २०२५ मध्ये सीबीआयने नोएडातल्या अशाच एका कॉल सेंटरवर छापा घातला. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या लोकांना मायक्रोसॉफ्टचे तंत्रज्ञ म्हणून गंडवलं जात होतं. अमेरिकेत मुलाकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांच्या ईमेलमध्येही ‘तुमच्या अँटीव्हायरसचं नूतनीकरण झालं, खात्यातून अमुक डॉलर कापले, रद्द करायचं असल्यास फोन करा’ असं पत्र येऊ शकतं. कापलेलं काहीच नसतं. रद्द करायला म्हणून माणूस फोन करतो आणि तिथून कापणं सुरू होतं.

आता दुकानदाराच्या बाजूचं थोडं. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्थेच्या चाचण्यांत वर्षानुवर्षं दिसतं की इंटरनेट नसताना डिफेंडरची नजर अधू होते. दूरच्या सर्व्हरवर तो फार अवलंबून आहे. जिथे नेट येतं-जातं आणि दिवसाला पन्नास लोकांचे पेन ड्राइव्ह लागतात, अशा झेरॉक्सच्या दुकानातल्या किंवा सेतू केंद्रातल्या मशिनला विकतचा अँटीव्हायरस शोभतो. पण ते घर नव्हे.

घरातला खरा आजार वेगळाच आहे, आणि त्याच्याबद्दल दुकानदार सहसा बोलत नाही, कारण तो बऱ्याचदा त्यानेच दिलेला असतो : चोरीची विंडोज आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअर. फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर, डिझाइनचं सॉफ्टवेअर, ऑफिस, गेम. डाउनलोड केलेल्या पुडक्यात एक ‘रीड मी’ फाइल असते आणि तिची पहिली सूचना बहुधा हीच : आधी अँटीव्हायरस बंद करा. कारण दिलेलं असतं की अँटीव्हायरस क्रॅकला उगाच व्हायरस समजतो. कधीकधी ते खरंही असतं, आणि तीच गोम आहे. मालक स्वतःच्या हाताने दार उघडतो. अशा वेळी अँटीव्हायरस डिफेंडर होता की दीड हजारांचा, याने काही फरक पडत नाही.

‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या खंडणीखोर प्रोग्रॅमांच्या कुळाने याच वाटेने घरोघरी शिरून उच्छाद मांडला. बँका, हॉस्पिटलं त्याचं लक्ष्य नव्हतीच. क्रॅक शोधणारे विद्यार्थी, छोटे फोटोग्राफर, घरी बसून काम करणारे डिझायनर हे त्याचं गिऱ्हाईक. क्रॅक चालवला की सगळे फोटो, वर्डच्या फाइल कुलूपबंद, प्रत्येकीला नवं शेपूट आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी : ९८० डॉलर द्या, ७२ तासांच्या आत संपर्क साधलात तर निम्म्यात, ४९० डॉलरमध्ये. दिवाळी सेलसारखी सवलत! ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट कंपनीने या कुळातल्या शंभराहून जास्त प्रकारांची कुलपं उघडणारा प्रोग्रॅम फुकट दिला, पण त्यानंतरच्या नव्या प्रकारांना तो बहुतेक लागू पडत नाही. विंडोज फुकटात ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करणाऱ्या केएमएसपिकोच्या बनावट पुडक्यांतून पासवर्ड चोरणारा क्रिप्टबॉट वाटला जात होता, हे २०२१ च्या अखेरीस समोर आलं.

पासवर्ड चोरणाऱ्या या जमातीचीच सध्या चलती आहे. त्यांतल्या ‘लुमा’ या एकाच प्रोग्रॅमने मार्च ते मे २०२५ या दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज मशिन्स बाधित केली, अशी मायक्रोसॉफ्टची मोजणी आहे. लुमा पसरवण्याची एक रीत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. एखाद्या वेबसाइटवर नेहमीसारखी ‘मी रोबो नाही’ अशी चौकट येते. ती टिचकावली की पुढची पायरी दिसते : विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. माणूस मुकाट्याने दाबतो. पहिल्या जोडीने प्रोग्रॅम चालवण्याची खिडकी उघडते, दुसरीने वेबसाइटने आधीच गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा तिथे चिकटते, तिसऱ्या बटणाने ती चालते. काही सेकंदांत ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉग-इन दुसऱ्याच्या हातात. अँटीव्हायरस कधी हे पकडतो, कधी नाही. विंडोजच्या दृष्टीने मालकाने स्वतः कीबोर्डवरून दिलेला हुकूम असतो तो.

आणि पैसा जातो तो बहुतेक वेळा याहूनही साध्या मार्गाने. केंद्रीय गृहमंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये भारतीयांनी सायबर गुन्ह्यांत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये नकली पोलीस व्हिडिओ कॉलवर बसतो आणि माणूस स्वतः बँकेत जाऊन आरटीजीएस करतो. फोन दुरून चालवू देणारं एनीडेस्क टाकून घेणाऱ्या भामट्याचं सॉफ्टवेअर अस्सल असतं. रिझर्व्ह बँकेने त्याबद्दल फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं. २०२५ मध्ये हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका आली. ती पत्रिका म्हणजे एपीके फाइल होती आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. मोबाइलवरच्या अँटीव्हायरसबद्दल बोलायचं तर एव्ही-कम्पॅरेटिव्हजने २०१९ मध्ये अँड्रॉइडवरचे २५० अँटीव्हायरस तपासले, त्यांतले फक्त ८० धड निघाले, आणि ‘धड’ची अट होती ३० टक्के घातक अ‍ॅप ओळखण्याची आणि चांगल्याला वाईट न म्हणण्याची. शाळेत पास व्हायला यापेक्षा जास्त, पस्तीस टक्के लागतात.

तेव्हा रिन्यूअलचे पैसे वाचवून एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी, महिन्यातून एकदा फोटो आणि कागदपत्रं त्यावर उतरवावी आणि डिस्क काढून कपाटात ठेवावी. काढून ठेवणं महत्त्वाचं. लावून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाइलही खंडणीवाला कुलूपबंद करतो. फसगत झालीच तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. जुन्या मशिनवर शंका असेल तर सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या वेबसाइटवर सफाईची साधनं मोफत मिळतात, आणि ती बनवणाऱ्यांत क्विक हीलही आहे.

एका घरात मात्र मुलाचं ‘काही गरज नाही’ अपुरं पडतं : जिथे अजून विंडोज १० आहे. तिचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास आणखी वर्षभर, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेची अपडेट देण्याचं मायक्रोसॉफ्टने मान्य केलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप लागते आणि प्रोसेसरही तुलनेने नवा, त्यामुळे उत्तम चालणारी कितीतरी मशिन्स वर जाऊच शकत नाहीत. घोळ असा की डिफेंडरची अपडेट विंडोज १० वर किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत. म्हणजे कोपऱ्यातली ढाल हिरवीच दिसेल, व्हायरसची यादी ताजी राहील आणि खालच्या विंडोजमधली नवी भोकं मात्र उघडी राहतील. विकतचा अँटीव्हायरसही ती बुजवू शकत नाही. भिंत मायक्रोसॉफ्टची आहे, गिलावाही तिलाच करावा लागतो. असं मशिन असेल तर त्यावर लिनक्स मिंट टाकून घेता येतं, तेही फुकट. नाहीतर टायपिंग, गाणी आणि पत्त्यांच्या डावापुरतं ते ठेवावं आणि बँकेचं काम दुसरीकडे करावं.